मनोरुग्णालयातला नॉयर थरारपट, तीन लाइट आणि तीस फुटांचा कॉरिडॉर: कसं जमवायचं?

तिरपीसावली

नमस्कार मंडळी. २४ मिनिटांचा कृष्णधवल नॉयर (गडद सावल्यांचा गुन्हेपट) लघुपट ठरला आहे. काळ १९४८. एक खाजगी गुप्तहेर आजारी असल्याचं नाटक करून मनोरुग्णालयात शिरतो, कारण ज्याला तो शोधतोय तो माणूस तिथे रुग्ण म्हणून लपला आहे. आत जाणं सोपं असतं, बाहेर पडणं नाही.

हाताशी आहे ते असं. दोनशे वॉटचे दोन सीओबी एलईडी (एकाच चकतीतून प्रकाश देणारे), साठ वॉटचा एक, चार फुटी दोन ट्यूब. फुल फ्रेम कॅमेरा. लेन्स २४, ३५, ५० आणि ८५ मिमी. रिकामी जुनी इमारत आहे. तिचा कॉरिडॉर ३० फूट लांब, ७ फूट रुंद, १० फूट उंच, आणि भिंती पांढऱ्या. कलाकार एकूण ९. चित्रीकरण ६ दिवस.

चाचणीत चार गोष्टी अडल्या:
१) खिडकीला लोखंडी गज आहेत, पण समोरच्या भिंतीवर त्यांची सावली पडतच नाही, नुसता धुरकट पट्टा येतो.
२) कृष्णधवल केल्यावर सगळं राखाडी दिसतं. काळं काळं होत नाही.
३) कॉरिडॉर अगदीच तोकडा वाटतो.
४) पटकथेत विजेचे झटके देण्याचा प्रसंग आहे. तो त्या काळाला धरून कसा दाखवावा?

---

काळाकटर

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून एकत्र लिहितो.

सावलीची कड किती पसरट होईल हे लाइटच्या ताकदीवर ठरत नाही, तोंडाच्या आकारावर ठरतं. हिशोब सरळ आहे: लाइटच्या तोंडाची रुंदी गुणिले गजापासून भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले लाइटपासून गजापर्यंतचं अंतर. रिफ्लेक्टर लावलेल्या सीओबीचं तोंड साधारण १८ सेंटिमीटर असतं. लाइट गजांपासून ३ मीटरवर आणि भिंत गजांपुढे १ मीटरवर धरली, तर कड ६ सेंटिमीटर पसरते. गज स्वतः जेमतेम २ सेंटिमीटर जाड. त्याची सावली त्या पसरटपणात विरघळून जाते. चाचणीत नेमकं हेच झालेलं असणार.

आता रिफ्लेक्टर काढा. पुढे स्क्रिम (जाळी), घुमट, काहीही ठेवू नका. उघड्या सीओबीची चकती साधारण ४ सेंटिमीटरची, म्हणजे त्याच अंतरांवर कड १.३ सेंटिमीटर येते. सावली दिसायला लागेल. तरीही खऱ्या गजांवर विसंबू नका, खोटे गज करा. चार फुटांच्या लाकडी चौकटीत ६ सेंटिमीटर रुंदीच्या सहा प्लायच्या पट्ट्या, मधे १४ सेंटिमीटरची फट. वरच्याच अंतरांवर सावली एक तृतीयांशाने मोठी होऊन भिंतीवर ८ सेंटिमीटरचे काळे पट्टे उमटतील. पट्ट्यांना दोन्ही बाजूंनी मॅट काळा रंग द्या, तेलरंग नको. तो चमकतो आणि पट्टीच्या कडेवरून प्रकाश परत फेकतो. चौकट किंचित तिरकी उभी करा. अगदी उभे, समांतर पट्टे पिंजऱ्याच्या चित्रासारखे वाटतात. तिरक्या पट्ट्यांमुळे चंद्र किंवा रस्त्यावरचा दिवा कुठेतरी वर, बाजूला आहे असं भासतं.

रिफ्लेक्टर काढल्यावर प्रकाश चहूकडे सांडतो. म्हणून लाइटच्या दोन्ही बाजूंना आणि वर काळ्या कापडाचे कटर हवेतच. यात कंजुषी केली तर बाकी सगळी मेहनत वाया जाते. एका सावलीसाठी एकच लाइट. दुसरा त्याच दिशेने लावला की दुहेरी सावली पडते, आणि नॉयरमध्ये प्रेक्षक सावलीकडेच बघत असतो.

राखाडीपणाचा दोष पांढऱ्या भिंतींचा आहे. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशातला बराचसा खोलीत परत फेकते, आणि सात फुटांच्या बोळात तो थेट चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर येऊन बसतो. लाइट वाढवला तर परतणाराही तितकाच वाढतो, म्हणून कितीही ताकद लावा, फरक पडत नाही. जमिनीपासून चार फुटांपर्यंत गडद पट्टा रंगवा. जुन्या रुग्णालयांत असा पट्टा असायचाच, म्हणजे काळालाही धरून होईल. त्यावरचा भाग मध्यम करडा करा. इमारत रंगवू देत नसतील तर फ्रेमबाहेरची प्रत्येक भिंत काळ्या कापडाने झाका, विशेषतः कॅमेऱ्यामागची. प्रकाश परत फेकणारा थर्माकोल सेटवर आणूच नका, कारण असला की कुणीतरी तो उभा करतंच.

मोजमाप असं ठेवा: उजळ गाल एफ ५.६ वर येत असेल तर अंधारी बाजू एफ २ वर यावी, म्हणजे तीन स्टॉपचा फरक (दर स्टॉपला प्रकाश निम्मा). त्यापुढे गेलात तर डोळा हरवतो. खलनायकाच्या एखाद्या शॉटला ते चालेल, नायकाच्या लांब संवादाला नाही.

एक कपड्यांचं. अ‍ॅप्रन, चादरी, सिस्टरची टोपी पांढरीशुभ्र ठेवली की त्या जादा उजळून सपाट होतात आणि चेहरा त्यांच्यापुढे काळवंडतो. फिक्या चहाच्या पाण्यात पंधरावीस मिनिटं बुडवून वाळवा. कृष्णधवलमध्ये त्या पांढऱ्याच दिसतील, पण सुरकुत्या टिकतील.

---

दूरचंदार

कॉरिडॉरबद्दल सांगतो. मोठ्या सेटवर अशा वेळी भिंतीच मागे निमुळत्या करतात. इथे ते परवडणार नाही आणि गरजही नाही. शेवटच्या दहा फुटांत फसवणूक केली तरी पुरते.

टोकाला सात फुटी दाराऐवजी पाऊणपट दार उभं करा, म्हणजे सव्वापाच फूट उंच, रुंदीही त्याच प्रमाणात. मूठ, कुलूप आणि जाळीची खिडकीही पाऊणपट हवी. लोक दार लहान करतात आणि कडी मात्र नेहमीची लावतात. डोळा तिथेच पकडतो. छतावरचे दिवे सारख्या अंतरावर टांगू नका. कॅमेऱ्याकडून मागे जाताना ७, ६, ५, ४ फूट असं अंतर कमी करत जा, आणि मागचे बल्ब आकाराने लहान घ्या. त्या शेवटच्या दहा फुटांत उंच माणूस जाता कामा नये. दाराशी कुणी उभं राहणारच असेल तर सर्वांत ठेंगण्या कलाकाराला ठेवा आणि मागून प्रकाश द्या, नुसती आकृती दिसू दे.

लेन्स २४. कॅमेरा कमरेखाली, छत फ्रेममध्ये. ८५ लावलीत तर तीस फुटांचे पंधरा वाटतील. एफ ५.६ वर २४ ची लेन्स ३.४ मीटरवर फोकस केली की १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं धारदार येतं. फोकस ओढायला वेगळा माणूस लागत नाही. ३५ ला हेच हवं असेल तर फोकस ७.३ मीटरवर जातो आणि जवळचा माणूस मऊ पडतो. एफ ५.६ साठी या लाइटांवर आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास जावं लागेल. जाऊ द्या. कृष्णधवलमध्ये तो दाणा बोचत नाही.

प्रकाश तुकड्यांत पाडा. एक उजेडाचा डाग, मग सहा फूट अंधार, मग पुढचा डाग. माणूस अंधारात बुडून पुन्हा वर येतो तेव्हा प्रेक्षक अंतर स्वतःच्या मनात वाढवतो. सलग उजळलेला कॉरिडॉर तीस फूट असेल तर तीसच दिसतो.

एकाच कॉरिडॉरचे दोन मजले करायचे तर उलट्या टोकाने चित्रीकरण करा. दारांवरचे क्रमांक बदला, एक चाकाची खुर्ची हलवा, गडद पट्टा एका बाजूला पडद्याने झाका. मात्र फरशीवर ठळक डाग किंवा तडा असेल तर दोन्हीकडे तोच दिसेल. आधी फरशी बघून घ्या.

फ्लिकर, म्हणजे दिव्यांची लुकलुक, तपासा. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५०, ६० असेल तर १/६०. एलईडी मंद केल्यावर काही दिवे पट्टे मारतात आणि ते छोट्या पडद्यावर कळत नाहीत. प्रत्येक लाइट १०, ३० आणि ५० टक्क्यांवर ठेवून आधीच रेकॉर्ड करून मोठ्या पडद्यावर पाहा.

रेकॉर्डिंग रंगीतच करा, रॉ किंवा दहा बिट लॉगमध्ये (छटांची जास्त माहिती ठेवणारे प्रकार). फक्त मॉनिटर कृष्णधवल ठेवा. आठ बिटमध्ये भिंतीवरचा उतरता अंधार पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो आणि नंतर तो दुरुस्त होत नाही. रूपांतर करताना नुसतं सॅच्युरेशन शून्य करू नका. चॅनल मिक्सरमध्ये लाल ४०, हिरवा ५०, निळा १० असं सुरू करा. लाल वाढवला की त्वचा नितळ होते पण ओठ नाहीसे होतात. हिरवा, निळा वाढवला की प्रत्येक सुरकुती बोलायला लागते, आणि ते त्या डॉक्टरच्या चेहऱ्याला शोभेल. पण एका दृश्यात एकच मिश्रण. शॉटगणिक बदललंत तर भिंतीचा रंग उड्या मारतो.

काळाकटर, धुराबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. इतक्या छोट्या जागेत तो नकोच असं माझं मत. धूर म्हणजे हवेतला पांढरा रंग. तोही काळ्याला राखाडी करतो.

---

काळाकटर

खिडकीच्या एकाच शॉटला तरी वापरावा असं मला वाटतं. धुराचं यंत्र नको, हेझर (विरळ धुकं सोडणारं यंत्र) घ्या, शॉटच्या दहा मिनिटं आधी सोडून दारं बंद करा म्हणजे थर सारखा पसरतो. बाकी ठिकाणी नको, तिथे सहमत.

---

रात्रपाळी

चौथ्या प्रश्नाकडे वळते. आधी पटकथेतलं एक मूळ ठरवा: हे सरकारी रुग्णालय आहे की खाजगी सॅनिटोरियम? त्या काळातली अमेरिकेची सरकारी रुग्णालयं अफाट गर्दीची होती. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते, खाटांना खाट लागलेली. नऊ कलाकारांत ते उभं राहत नाही, ओस पडलेल्या सरकारी वॉर्डवर कुणी विश्वास ठेवणार नाही. खाजगी सॅनिटोरियमला आठदहा खोल्या, थोडे रुग्ण, श्रीमंत नातेवाईक आणि पैसे घेऊन गप्प बसणारा मालक डॉक्टर पुरतो. पैसे वाचतात ते वेगळं, कथेला कारणही मिळतं: लपायला येणारा माणूस अशाच ठिकाणी येईल.

आता झटके. ही पद्धत इटालियन डॉक्टर सेर्लेत्ती आणि बिनी यांनी १९३८ मध्ये रोममध्ये सुरू केली, म्हणजे १९४८ ला ती चांगलीच रुळली होती. भूल आणि स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन देऊन उपचार करणं १९५० नंतर रूढ झालं. त्याआधी बहुतेक ठिकाणी भुलीशिवायच द्यायचे.

क्रम असा ठेवा. रुग्ण पाठीवर, पाठीच्या मधोमध खाली छोटी उशी. तोंडात रबरी तुकडा. दोन्ही कानशिलांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेले पॅड, त्यावर इलेक्ट्रोड आणि डोक्याभोवती पट्टा. दोघं खांदे धरतात, दोघं कंबर आणि गुडघे. घट्ट दाबायचं नसतं, हालचालीबरोबर सैलसर धरायचं असतं, नाहीतर हाड मोडतं. डॉक्टर दोन चकत्या फिरवतो: एक व्होल्टेजची, साधारण ७० ते १३०, दुसरी वेळेची, सेकंदाचा काही भाग. मग बटण.

इथे बहुतेक चित्रपट चुकतात. बटण दाबताच शुद्ध जाते. म्हणून रुग्ण वेदनेने ओरडत राहतो हे खोटं. क्वचित एक घोगरा आवाज निघतो, तो छातीतली हवा बाहेर ढकलली गेल्याचा. पहिली दहाएक सेकंद अंग ताठ, मग लयीत झटके, ते हळूहळू विरळ होत थांबतात. सगळं मिळून साधारण अर्धा ते एक मिनिट. त्यानंतर घोरल्यासारखा श्वास आणि गोंधळलेली नजर. इमारतीतले दिवे मंदावणं हेही खोटं, त्या यंत्राचा भार साध्या बल्बाइतका असतो. भीती आधीच्या शांततेत आहे: रांगेत बसलेले तिघं, आत जाणारी चाकाची गाडी, रबराचा तुकडा धुण्याचा आवाज. झटका दाखवू नका, दार दाखवा.

आणि एक देणगी तुमच्या कथेला. या उपचारानंतर आधीच्या काही तासांची, कधी दिवसांची आठवण पुसली जाते. तुमचा नायक निवेदन करत असेल तर निवेदनातच भोक पडू द्या. तो काय विसरला हे प्रेक्षकाला माहीत आणि त्याला नाही, यापेक्षा चांगला ताण विकत मिळत नाही.

काळाच्या चुका टाळा. क्लोरप्रोमाझिन मनोविकारावर वापरात आलं १९५२ मध्ये, त्यामुळे त्या प्रकारच्या गोळ्यांचा उल्लेख नको. तेव्हा झोपेसाठी बार्बिट्युरेट आणि पॅराल्डिहाइड असे. पॅराल्डिहाइडला उग्र वास असतो, पेल्यातून देतात. पात्राने नाक मुरडलं तरी वास पडद्यावर येतो. सिरिंज काचेची, उकळून घेतलेली. टबातले उपचारही होते: अंगाला सोसेल अशा कोमट पाण्याच्या टबावर कॅनव्हास ताणून फक्त डोकं बाहेर, असं तासन्‌तास. एका शॉटमध्ये, वरून, गजांच्या सावलीत हे अप्रतिम दिसेल आणि त्याला एक टब आणि एक ताडपत्री लागते. लोबोटॉमी (मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडणारी शस्त्रक्रिया) पोर्तुगीज डॉक्टर मोनिश यांनी १९३५ मध्ये लिस्बनला सुरू केली, नोबेल १९४९ मध्ये मिळालं. धमकी म्हणून एक वाक्य पुरे, शस्त्रक्रिया दाखवायला जाऊ नका.

कलाकाराची काळजी घ्या. यंत्र रिकामा डबा हवा, त्याला खरी वायर नको. पट्ट्यांची बक्कलं दिखाऊ, आतून वेल्क्रो. हात बांधून ठेवणारं जाकीट घातलेल्या माणसाला पालथं कधी झोपवू नका, दहा मिनिटांहून जास्त ठेवू नका, आणि सोडवणारा माणूस हाताच्या अंतरावर असू दे.

रुग्णांना भयाचं साधन करू नका, ही कळकळीची विनंती. डोळे फिरवणारे, उगाच हसणारे रुग्ण हा आळस आहे. त्या काळच्या वॉर्डात बहुतेक वेळ काहीही घडत नसे: कुणी तासभर एकाच खुर्चीत, कुणी तोच दोरा गुंडाळतोय. शिवाय कथेच्या सोयीचंही तेच आहे. धोका किल्ल्या बाळगणाऱ्याकडून यावा.

---

जुडगा

किल्ल्यांवरून आवाजाकडे. तुमच्या कमी पैशांत सर्वांत मोठी जागा आवाजच बांधेल. वीस खोल्या दाखवता येणार नाहीत, ऐकवता येतील.

किल्ल्यांचा जुडगा सेटवर हलू देऊ नका, संवादावर चढतो. कापडात गुंडाळलेला जुडगा कलाकाराला द्या आणि खरा नंतर वेगळा रेकॉर्ड करा: चालताना, कुलपात, थांबताना. दोन अटेंडंट असतील तर दोघांचे जुडगे वेगळ्या आवाजाचे ठेवा. मग अंधारात नुसत्या आवाजावरून कोण येतंय ते कळतं, आणि एक शॉट वाचतो.

रिकाम्या कॉरिडॉरमध्ये शब्द घुमून एकमेकांवर चढतात. संवादाच्या वेळी फ्रेमबाहेर जमिनीवर गोधड्या, कॅमेऱ्यामागे जाड पडदे. प्रतिध्वनी नंतर घालता येतो, काढता येत नाही. जाण्यापूर्वी त्याच कॉरिडॉरमध्ये एक दार जोरात आपटून आणि एक टाळी वाजवून शेपटीसकट रेकॉर्ड करा. प्रत्येक जागेची मिनिटभराची शांतताही घ्या. ट्यूबच्या चोकची गुणगुण ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झला बसते आणि तिच्या पटींत वर चढते. त्या ठिकाणी अरुंद काप द्या.

निवेदन कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर, हलक्या आवाजात. नाट्यमय वाचलं की नकली होतं.

दिवस वाटताना दृश्यांच्या क्रमाने जाऊ नका. मिनिटाला एक पान धरलं तर २४ पानं सहा दिवसांत म्हणजे रोज चार, आणि या प्रकारात वेळ खातो लाइट हलवणं. पूर्वेकडे तोंड करून जेवढं आहे तेवढं सगळं आधी, मग एकदाच उलटा. वॉर्डच्या रात्रीला मागच्या खाटांवर उशा आणि चादरी पुरतात. एखादी खाट श्वास घेताना दिसली की बाकीच्यांवर कुणी शंका घेत नाही.

कथेचं एकच. १८८७ मध्ये पत्रकार नेली ब्लाय न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल्स आयलंडवरच्या मनोरुग्णालयात आजाराचं नाटक करून शिरली आणि दहा दिवस राहिली. आत गेल्यावर तिने सोंग सोडलं, तरी सुटका झाली ती वर्तमानपत्राने वकील पाठवल्यावर. सगळं बाहेरच्या माणसावर होतं. तुमच्या गुप्तहेराचा बाहेर असाच एक माणूस असेल, तर तो आठव्या मिनिटाच्या आत मरायला हवा.

---

तिरपीसावली

सर्वांचे मनापासून आभार. खाजगी सॅनिटोरियम ठरलं, आणि बाहेरचा माणूस सातव्या मिनिटाला जाईल. एकच राहिलं: शेवटच्या झटापटीत टांगलेला बल्ब हलता ठेवायचा आहे. शॉट जुळवताना सावली उलटसुलट जाते. काय करावं?

---

दूरचंदार

दोरीची लांबी पक्की करा आणि सबंध दृश्यात तीच ठेवा. एक मीटर दोरीला एक पूर्ण हेलकावा दोन सेकंद घेतो; बल्ब कितीही ओढून सोडा, यात फारसा फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक टेकला बल्ब त्याच खुणेपर्यंत ओढून, "सोडला" असं मोठ्याने सांगून सोडा. संकलनात कट नेहमी बल्ब टोकाला, क्षणभर थांबलेला असताना द्या. तिथे दिशा बदलतच असते, चूक दिसत नाही. संवादाच्या क्लोजअपना खरा बल्ब नको: साठ वॉटचा लाइट बाजूला ठेवून त्यापुढे एक कटर दोन सेकंदांच्या तालावर हलवा. टांगायच्या वायरवर वजन येऊ देऊ नका, सुतळीवर बल्ब आणि सुतळीला गुंडाळलेली सैल वायर. काचेऐवजी प्लास्टिकच्या गोळ्याचा एलईडी बल्ब घ्या, खाली माणसं लोळणार आहेत.